डायमंड बँडसॉवर कोरल कापताना: करवत नंतर, आधी पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांकडे १२० गॅलनचा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यातल्या फेवायटीस या दगडी कोरलची वसाहत, म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या जिवांचा एकत्र वाढलेला गोळा, नारळाएवढी झाली आहे, शेजारी हॅमर आणि दोन-तीन प्रकारची चॅलिस ही कोरल आहेत. गॅरेजमध्ये रोटरी टूलने (गरगर फिरणाऱ्या छोट्या चकतीच्या हत्याराने) ते फ्रॅग, म्हणजे नवी वसाहत वाढवायचे तुकडे, कापतात, पण आठवडाभरात निम्मे तुकडे कडेने पांढरे पडून मरतात. डायमंड ब्लेडचा बँडसॉ (फिरत्या पट्टीची करवत) घेतला तर फरक पडेल का, असं त्यांनी विचारलं आहे. पुण्यातल्या भाच्यालाही हा छंद लागला आहे, त्याला काय सांगू, हाही प्रश्न आहे.

अकरा वर्षं मी फ्लोरिडात कोरल वाढवण्याचं काम करते. आठवड्यातले दोन दिवस तरी माझे हात करवतीच्या पाण्यात असतात. त्या अनुभवावरून सांगते: फरक पडेल, पण तुम्हाला वाटतोय त्या कारणाने नाही. तुम्ही लिहिलंय की पाच प्रकारचं कोरल एकाच दुपारी, एकाच टबातल्या पाण्यावर कापलं. तुमचे तुकडे त्या पाण्याने मारले असावेत. उद्या सर्वांत महाग बँडसॉ आणलात आणि पाण्याची सवय तीच ठेवलीत, तर तुकडे सरळ रेषेत कापले जातील आणि तसेच मरतील.

आधी यंत्राविषयी. हा बँडसॉ मुळात रंगीत काचेचं काम करणाऱ्यांचा. कॅलिफोर्नियातल्या ग्रिफन कंपनीने त्यावरूनच कोरलवाल्यांसाठी ॲक्वासॉ काढला आणि आज अनेक फार्मवर तोच किंवा त्याच जातीचं यंत्र दिसतं. ब्लेडला दात नसतात. पोलादाच्या अरुंद पट्टीच्या कडेवर हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेली असते. म्हणजे हे चिरणं नाही, घासत जाणं आहे. कोरलचा सांगाडा ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचा, कठीणपणाच्या मोह्ज मापावर साडेतीन ते चार, हिरा दहा. त्यामुळे सांगाडा लोण्यासारखा कापला जातो. बोटाची कातडी दाबली जाते आणि मागे सरते, म्हणून दातेरी करवतीसारखी ती एकदम बोट धरत नाही. तरी बोट टेकवून ठेवलंत तर साल निघतंच, आणि कोरलच्या चिकट स्रावाने भरलेली जखम चांगली सुजते. नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बंद गॉगल, याला माझ्याकडे सवलत नाही.

रोटरी टूलची अडचण चकतीच्या आकाराची. इंचभर व्यासाची चकती आत जाऊन जाऊन किती जाणार, फार तर सेंटीमीटर. म्हणजे जाड वसाहत दोन्ही बाजूंनी खाचून मधला भाग मोडावा लागतो, आणि मोडताना सांगाडा त्याच्या मर्जीने फुटतो, पॉलिपच्या मधोमधसुद्धा. शिवाय चकती सगळा राडा तोंडावर उडवते. बँडसॉने तुम्ही ठरवाल तिथून, आरपार, जेमतेम ब्लेडच्या जाडीएवढा माल वाया घालवून काप जातो. यंत्राचा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

पण सगळ्या कोरलला तो लागत नाही. ॲक्रोपोराच्या फांद्या बोन कटरने (हाडं कापायच्या पक्कडीने) झटक्यात तुटतात. मॉन्टिपोराची पानं हातानेही मोडतात. त्यासाठी करवत बाहेर काढू नका, उलट जास्त हाताळणी होते. फांद्यांचं हॅमर आणि टॉर्च यांना बँडसॉ छान. पण मांस देठावरून बाहेरच्या बाजूने खाली उतरलेलं असतं हे लक्षात ठेवा, आणि ते जिथे संपतं त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली कापा. भिंतीसारखं वाढणारं हॅमर असेल तर कापच मांसातून जातो. तिथे बळी जायची शक्यता मोठी, उगाच हात लावू नका. ज्यांना एकच किंवा मोजकीच तोंडं असतात ती सिनारिना, स्कोलिमिया, ट्रॅकिफिलिया, अकँथोफिलिया यांचे तुकडे करू नका. तुमचं फेवायटीस, चॅलिस, मायक्रोमुसा, गोनिओपोरा, ब्लास्टोमुसा हा बँडसॉचा खरा प्रांत.

आणि एक जात यंत्राजवळ फिरकूही देऊ नका: झोअँथिड, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, चटईसारखे पसरणारे कोरलचे नातलग, विशेषतः पॅलिथोआ. यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या जिवाला तिथले लोक 'लिमू माके ओ हाना' म्हणत, म्हणजे हानाचं जीवघेणं शेवाळ. ते शेवाळ नव्हतं, पॅलिथोआ होतं, आणि १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातून हे विष वेगळं काढलं. प्रथिन नसलेल्या विषांमध्ये इतकी जहाल विषं फार थोडी आहेत. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं. मदतीला आलेले अग्निशमन कर्मचारी धरून दहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. फिरतं ब्लेड पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवतं. ते तुम्ही श्वासातून घेता, डोळ्यांत घेता. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, थंडी-ताप, स्नायू दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर थांबून वाट पाहू नका. बाहेर मोकळ्या हवेत या, रुग्णालय गाठा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द डॉक्टरांना स्वतः सांगा, कारण तो त्यांच्या मनात पहिला येणार नाही. उकळून हे विष मरत नाही, उलट वाफेबरोबर पसरतं. झोअँथिडच्या चटया पाण्याखाली स्कॅल्पेलने सोडवा, आणि नंतर हत्यारं घरगुती ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. ज्या दगडावर झोअँथिडचा एखादा पॉलिप जरी चिकटलेला दिसला, तो दगड ब्लेडखाली जाणार नाही.

आता एक फेवायटीस कसं कापायचं ते माझ्या हाताने दाखवते.

आदल्या दिवशी दिवे चालू असताना मी वसाहत वरून नीट पाहते. तोंडं कुठे आहेत, कुठला पॉलिप दोनात विभागायच्या बेतात आहे. फोटो काढून ठेवते, कारण बाहेर काढल्यावर मांस आकसतं आणि सगळं वेगळं दिसतं. फेवायटीसमध्ये शेजारच्या पॉलिपांची भिंत सामाईक असते, जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी. भिंतीवरून काप नेला की दोन्हीकडे थोडी जखम होणारच. याच्याच चुलत घराण्यातलं डिप्सास्ट्रिया, ज्याला दुकानात अजून फेविया म्हणतात, त्याच्या प्रत्येक पॉलिपला स्वतःची भिंत असते आणि दोन भिंतींमध्ये बारीक घळ. तिथे काप त्या घळीतून न्यायचा, मग दोघंही जवळजवळ सुखरूप राहतात. हा फरक ओळखायला शिकलात की नुकसान निम्म्यावर येतं.

कापायच्या दिवशी टँकमध्येच वसाहतीवर हलकेच पाणी मारते, म्हणजे मांस आत ओढलं जातं. मग बाहेर काढून उलटी करते आणि खालच्या मृत सांगाड्यावर साध्या पेन्सिलीने रेषा आखते. पहिला काप तळाचा: बुडाचा खडबडीत थर आडवा काढून टाकायचा. त्यात भोकं पाडणारे स्पंज, किडे, नळ्या करून राहणाऱ्या गोगलगायी, सगळी बिनभाड्याची मंडळी असतात, ती त्या थराबरोबर जातात. तळही सपाट होतो. त्यानंतर पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या वड्या. थाळीत वड्या पाडतो तशाच, फक्त इथे आकार पट्टीने ठरत नाही, तोंडांनी ठरतो. एक वडी चौकोनी आणि शेजारची वाकडी आली तरी चालेल; प्रत्येकीत किमान एक, आणि तुम्ही नवे आहात तोवर तीन-चार अखंड तोंडं हवीत.

मांस वर, सांगाडा टेबलावर, आणि हात सावकाश. ब्लेडला त्याच्या वेगाने खाऊ द्या. रेटलंत की पट्टी मागे वाकते, काप तिरका जातो, आणि वरून सरळ दिसलेली रेषा खाली दुसऱ्याच पॉलिपमधून निघते. आवाज ऐका. घट्ट सांगाड्यातून जाताना एकसुरी घरघर असते, आत पोकळी आली की सूर एकदम चढतो. तिथे हात सैल करायचा, नाहीतर तुकडा झटका खाऊन सुटतो. ही सपाट पट्टी आहे, तिला आखूड वळणं जमत नाहीत. वळण हवंच असेल तर दोन सरळ काप घ्या.

आणि आता टबात पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या कापाला पाणी ताकासारखं पांढरं झालेलं असतं, वर फेस, बोटांना तार धरणारा चिकटपणा. हे ताक म्हणजे सांगाड्याचं पीठ, कोरलचा स्राव, फाटलेल्या मांसाचे कण, त्यातले न फुटलेले डंखपेशींचे काटे आणि जखमेवर ताव मारायला टपलेले जिवाणू. ब्लेड थंड राहावं म्हणून यंत्र हेच पाणी उचलून पुन्हा पुन्हा ताज्या कापावर सोडत असतं. म्हणजे पहिल्या कोरलला बऱ्यापैकी स्वच्छ पाणी मिळतं आणि पाचव्याच्या जखमेत आधीच्या चौघांचं विष चोळलं जातं.

हे मी शिकले ते अठ्ठावीस तुकड्यांची किंमत देऊन. दुसऱ्या वर्षी घाईत होते. हॅमर कापलं, आणि त्याच पाण्यावर लगेच चॅलिस घेतलं. संध्याकाळी सगळे तुकडे ट्रेमध्ये देखणे दिसत होते. तिसऱ्या दिवशी चॅलिसच्या कडा सुटायला लागल्या, मांस ओल्या कागदासारखं सांगाड्यावरून निघत होतं. चाळीसपैकी बारा वाचले. ब्लेड नवं होतं, काप सरळ होते, टँकचं पाणी उत्तम होतं. चुकलं होतं फक्त टबातलं पाणी; ते न बदलल्याचाच तो परिणाम होता.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. टबात त्याच टँकचं ताजं खारं पाणी. एक वसाहत कापून झाली की ते ओतून द्यायचं, कितीही स्वच्छ दिसो. ते पाणी परत टँकमध्ये कधीही नाही. जात बदलली की टब, चाकं आणि ब्लेड पुसणारा स्पंज गोड्या पाण्याने धुवायचा. बहुतेक जण स्पंज विसरतात आणि सगळी घाण त्यातच बसलेली असते. मोठी वसाहत असेल तर मध्येच एकदा बदलते. फ्रॅग करायच्या दिवशी पाणी बदलायचा दिवस धरलात तर जास्तीचं मीठही लागत नाही, टँकमधून काढलेलं पाणीच करवतीला जातं.

तुमच्या बाबतीत गॅरेजचाही प्रश्न आहे. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तिथे ठेवलेल्या बादलीत पाणी दहा-बारा अंशांवर येतं. पंचवीस-सव्वीस अंशांतून निघालेलं, कापलेलं जनावर तुम्ही त्यात बुडवता. धुण्याच्या भांड्यांत छोटा हीटर टाका आणि क्षारता मोजा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

कापल्यावरचा क्रम असा. दोन भांडी स्वच्छ खाऱ्या पाण्याची. पहिल्यात तुकडा हलवून धुवा, दुसऱ्यात धरून स्वयंपाकघरातल्या बेस्टरने (रबरी फुग्याच्या नळीने) कापलेल्या कडांवर पाण्याचे हलके फवारे मारा, जोवर पांढरं निघायचं थांबत नाही. सांगाड्याच्या छिद्रांत बसलेलं पीठ तसंच राहिलं तर त्यावर मांस सरकत नाही. तिसऱ्या भांड्यात आयोडीनचं डिप, म्हणजे जंतुनाशक पाण्यात बुडवणं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि वेळेत. मग तळ टिश्यूने टिपून सायनोॲक्रिलेट जेलने (सुपरग्लूच्या घट्ट गोंदाने) प्लगवर, म्हणजे फ्रॅगच्या छोट्या बैठकीवर, बसवा. गोंद फक्त सांगाड्यावर; ताज्या जखमेवर गोंद चढला की खालचं मांस गुदमरून सडतं.

पहिले दोन आठवडे कमी प्रकाश आणि मध्यम, फिरता प्रवाह. साचलेल्या कोपऱ्यात ठेवू नका, स्राव वाहून जायला हवा. या काळात अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) स्थिर ठेवा, मी साडेआठ डीकेएचच्या आसपास ठेवते आणि आकड्यापेक्षा तो न हलण्याला जपते. रोज सकाळी ट्रेवर नजर टाका. तपकिरी जेलीसारखा थर आणि कुजका वास आला की तो तुकडा लगेच बाहेर. जेली नळीने ओढून घ्या, उडवू नका, आणि शेजाऱ्यांपासून वेगळ्या भांड्यात ठेवा. ठीक चाललं असेल तर आठ-दहा दिवसांत पांढरी कड गोल होते आणि मांस तिच्यावरून खाली उतरायला लागतं. ते पाहण्याचा आनंद अकरा वर्षांत कमी झालेला नाही.

किती लहान कापावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण यंत्र हातात आल्यावर मोह होणारच. नखाएवढे तुकडे करायची कल्पना आली ती इथूनच, फ्लोरिडा कीज बेटांमधल्या समरलँड की येथून. मोट मरीन लॅबोरेटरी या सागरी संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रात संशोधक डेव्हिड व्हॉन टँकमधलं एल्कहॉर्न कोरल हलवत होते. एक तुकडा तळाला चिकटलेला होता, ओढताना तुटला आणि मागे फक्त काही पॉलिप राहिले. ते मरणार असं धरून त्यांनी सोडून दिले. काही दिवसांनी पाहतात तर ते भराभर पसरत होते. जखम भरण्याचा वेग वाढीच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे त्यातून हाती लागलं. तेव्हापासून मंद वाढणारी दगडी कोरल डायमंड बँडसॉवर सेंटीमीटरभराच्या तुकड्यांत कापतात, एकाच मूळ वसाहतीचे तुकडे जवळजवळ लावतात, आणि ते वाढून एकमेकांत मिसळतात, कारण जनुकीयदृष्ट्या ते एकच असतात. एरवी ज्या आकाराला दशकं लागतात तो काही वर्षांत येतो. २०२० मध्ये अशा पद्धतीने समुद्रात लावलेल्या डोंगरी स्टार कोरलनी अंडी-शुक्राणू सोडले, म्हणजे ती नुसती जगली नाहीत, वयात आली. ज्या करवतीने आपण हौसेचे फ्रॅग पाडतो, तिनेच हे काम झालं आहे, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

पण ती कोरल लहान पॉलिपांची, आणि तिथे दिवसभर कोणीतरी ट्रे घासायला, शेवाळ काढायला असतं. तुमच्या टँकमध्ये नखाएवढ्या तुकड्यावर शेवाळ आधी चढेल. दोन ते तीन सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका.

यंत्राची निगा थोडक्यात. मिठाने ते दोन वर्षांत खाल्लं जातं किंवा दहा वर्षं टिकतं, हे कापून झाल्यानंतरच्या पंधरा मिनिटांवर ठरतं. टब रिकामा करा, आरओचं पाणी घालून दोन मिनिटं नुसतं चालवा, पट्टीचा ताण सैल करा, पुसा, झाकण उघडं ठेवून वाळवा. स्टेनलेस पट्टी मिळाली तर तीच घ्या. काप मंदावला की ब्लेड संपलं असं लगेच समजू नका, अनेकदा हिऱ्यांच्या मधे चुना भरलेला असतो; मऊ विटेचा तुकडा दोन-तीनदा कापला की धार परत येते. यंत्राचा प्लग जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणारी सोय) असलेल्या सॉकेटमध्येच, आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल. यंत्राला काही शे डॉलर लागतात. वर्षातून दोनदा फ्रॅग करणार असाल तर गावातल्या तीन-चार रीफवाल्यांनी मिळून एक घ्यावं. फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ब्लीचने धुऊन आणि पूर्ण वाळवून जाऊ द्या, नाहीतर कोरलबरोबर रोगही वाटून घ्याल.

पुण्यातल्या भाच्याला मात्र स्पष्ट सांगा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, ज्या अनुसूचीत वाघ आहे. समुद्रातून काढणं तर गुन्हा आहेच, पण दुकानदाराने 'इम्पोर्टेड आहे, काही होत नाही' म्हणून दिलेला तुकडाही घरी ठेवू नये. त्याला मासे पाळू द्या, खाऱ्या पाण्याचं रसायन शिकू द्या, ते शिकायलाच दोन वर्षं जातात. आणि प्रवाळ पाहायचं असेल तर मालवणला जाऊन स्नॉर्केलिंग कर म्हणावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात, सागरी अभयारण्याच्या हद्दीत, तुमच्या टँकमधल्या फेवायटीसची भावंडं जिवंत आहेत. फक्त पाय टेकवू नकोस, एवढं बजावा.

तुम्ही यंत्र आणाल तेव्हा पहिल्या दिवशी एकच वसाहत घ्या, ते फेवायटीसच. तेही अख्खं नाही, मागच्या बाजूची एक पट्टी, तिचे चार तुकडे. पाणी ओता, टब धुवा आणि थांबा. दोन आठवड्यांनी चारही तुकड्यांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, की मग चॅलिसकडे वळा.